फुटलेलं एक मत

मास्तरांच्या तोंडात दिवसाचा बराचसा वेळ टाचण्या असत, आणि त्या त्यांच्या फार सोयीच्या होत्या. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून महागाईवर, सुनेवर नाहीतर सरकारवर तोंडसुख घ्यायला लागलं की मास्तर दोन-चार टाचण्या ओठांत धरायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"चा ज्याला जो हवा तो अर्थ त्याने घ्यावा. टेलरच्या दुकानात सगळ्याच पक्षांची माणसं येतात, सगळ्यांचीच पोटं सुटतात आणि सगळ्यांनाच ती दिसू नयेत असं वाटतं, तेव्हा आपण माप घ्यावं आणि गप्प बसावं, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, मधे कापड बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात जुन्या चादरीचा पडदा आणि खालून तडकलेला आरसा. आत स्वयंपाकघर, तिथे बायको काज-बटणं करायची आणि बाहेरचं सगळं ऐकायची. समोर, गल्लीच्या पलीकडे, अध्यक्षांच्या घराच्या जिन्याखाली छत्रीकाकांची बैठक होती. छत्रीकाका छत्र्या दुरुस्त करत. बॅगांच्या चेनही बसवून देत, पण नाव छत्रीवरून पडलं होतं. मोडक्या काड्यांचा एक जुडगा त्यांच्या डोक्यावर खिळ्याला कायम लटकत असे.

आता अध्यक्ष कशाचे अध्यक्ष, हे गल्लीत कुणी विचारत नसे. पूर्वी कधीतरी कशाचे तरी होते आणि मग ते अंगालाच चिकटलं. गावाचं राजकारण तसं गुंतागुंतीचं होतं. पक्ष दोन, एकाचं चिन्ह कात्री, दुसऱ्याचं छत्री. वरची पेठ कात्रीची, गिरणीकडचा भाग ज्याचा लाउडस्पीकर मोठा त्याचा, बाजारातले लोक शेवटच्या दिवसापर्यंत दोघांनाही "तुमचंच काम करतोय" सांगणारे. गल्ली मात्र छत्रीची. का, ते कुणाला धड सांगता आलं नसतं. कुणाच्या तरी आजोबांच्या काळात छत्रीवाल्यांनी नळ आणला, असं म्हणत. त्या नळाला पाणी कधी आलं होतं का, यावर दोन मतं होती, पण नळ होता. मतदानाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर उभे राहत आणि म्हणत, "आपली गल्ली फुटत नाही." दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली शाळेतल्या एका खोलीत जाऊन छत्रीचं बटण दाबून येई. ती खोली फक्त गल्लीसाठी असल्याने निकालात गल्लीचा आकडा स्वच्छ वेगळा दिसे. कात्रीसमोर भोपळा. त्या भोपळ्याचा गल्लीला फार अभिमान होता.

पाच वर्षांपूर्वी अध्यक्षांच्या जिभेने घात केला. मोठ्या सभेत, मोठ्या पुढाऱ्यांसमोर, माईक हातात आल्यावर ते म्हणून बसले, "माझ्या गल्लीतलं एक मत जरी फुटलं, तरी ही मिशी ठेवणार नाही." मिशी खरोखरच बघण्यासारखी होती. टाळ्या पडल्या. आणि निकालाच्या दिवशी गल्लीचा आकडा बाहेर आला : सगळी मतं छत्रीला, कात्रीला एक.

अध्यक्षांनी मिशी काढली. शब्दाचे पक्के होते म्हणून नव्हे, तर वरच्या पेठेतली माणसं चौकशीला येऊ लागली म्हणून. मिशी गेल्यावर त्यांचा वरचा ओठ एवढा लहान आणि बिचारा दिसू लागला, की गल्लीला हसूही येईना आणि बघवेनाही. आता तो एकजण शोधणं भाग होतं.

शोधायला वेळ लागला नाही. कात्री म्हटल्यावर दुसरं कोण? किराणावाला कट्ट्यावर पाय हलवत म्हणाला, "मी नाव घेत नाही. पण ज्याच्या हातात जन्मभर कात्री, त्याचं बोट कुठे जाणार?"

हे मास्तरांच्या कानावर आलं तेव्हा ते टाचण्या काढून तडक कट्ट्यावर गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःहून बोलायला गेले होते, आणि तिथेच फसले.

"मी छत्रीलाच दिलंय," ते म्हणाले. "आणि माझी कात्री म्हणून दिलं म्हणता, तर ती टेलरची कात्री नाहीच. कापड कापायच्या कात्रीचं एक कडं मोठं असतं, चार बोटं जातात त्यात. त्या चित्रात दोन्ही कडी सारखी आहेत. कागद कापायची कात्री आहे ती."

किराणावाल्याचा हलणारा पाय थांबला. मग किराणावाला सावकाश म्हणाला, "म्हणजे बरंच निरखून बघितलंत की, मास्तर."

संपलं. त्यानंतर मास्तरांनी डोकं आपटलं असतं तरी उपयोग नव्हता. खरं तर बटण दाबण्याआधी त्यांची नजर त्या चित्रावर गेली होती, कारण चुकीची कात्री दिसली की टेलरची नजर जातेच. नजर गेली आणि बोट छत्रीवर गेलं, एवढं साधं होतं. पण साधी गोष्ट पटवून देण्याइतकं अवघड काही नसतं.

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मास्तर दिसले की कट्ट्यावरचं बोलणं बदलायचं, हवापाण्यावर यायचं. अध्यक्षांनी अर्धवट शिवलेलं जाकीट "राहू द्या, घाई नाही" म्हणून परत नेलं आणि बाजारात दुसऱ्याकडे दिलं. गल्लीची गिऱ्हाइकं सुटली नाहीत, नुसती पातळ झाली. जी येत ती मापाला उभी राहताना अंग आखडून घेत, जणू टेपच्या टोकाला काही लावलंय.

मग मास्तरांनाही तीच बाधा झाली. आपण दिलं नाही, म्हणजे कुणीतरी दिलंय, आणि तो कुणीतरी रोज आपल्याला बघून मनात हसतोय. माप घेताना ते आरशात माणसाचं तोंड बघू लागले. किराणावाला इतका पुढे का होता? स्वतःवरचं ढकलायला? अध्यक्षांचा धाकटा भाऊ निकालापासून जरा जास्तच गोड का बोलतो? शाळेतली शिक्षिका परवा कात्रीवाल्यांच्या बाईशी रस्त्यात कशाला थांबली होती? एकेका गिऱ्हाइकाच्या पाठीवरून टेप फिरवताना मास्तर मनात त्याची उलटतपासणी घेत. कुणीही निर्दोष सुटत नसे. चांगला माणूस होता, पण त्या दिवसांत मास्तरांनी मनातल्या मनात अख्ख्या गल्लीला फासावर चढवलं होतं.

आणि एक दिवस दुपारी बायको इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, "अहो, खरं सांगा मला. मी कुणाला बोलणार नाही."

"काय सांगू?"

"दिलंत का कात्रीला? दिलं असेल तर असू दे. माझ्यापासून कशाला लपवायचं?"

मास्तरांना ती इस्त्री आपल्याच अंगावर फिरल्यासारखी वाटली. इतक्या वर्षांचा संसार. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांच्या मनात तोच किडा वळवळला : ही विचारतेय ते मला चाचपायला की स्वतःचं झाकायला? तिचं माहेर वरच्या पेठेतलं. कात्रीवाल्यांचं.

"नाही दिलं," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. त्या "बरं"मध्ये विश्वास नव्हता, हे ऐकायला कान फार तिखट लागत नव्हते. पुढे दोघांनीही तो विषय काढला नाही. तो घरातच राहिला.

त्या सगळ्या काळात एकच माणूस मास्तरांशी पहिल्यासारखा वागला, तो म्हणजे छत्रीकाका. निकालानंतर चार दिवसांनी ते हातात दोन पेले घेऊन गल्ली ओलांडून आले, एक मास्तरांपुढे ठेवला आणि म्हणाले, "मला माहीत आहे, तुम्ही नाही दिलं."

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यानंतर रोज दुपारी काकांचा चहा यायचा. काका फारसे बोलत नसत, नुसते बसायचे. जगात एका माणसाचा आपल्यावर विश्वास आहे, एवढ्यावर मास्तरांनी पाच वर्षं काढली.

पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक आली आणि एक चमत्कार झाला. छत्रीवाल्यांनी उमेदवारी अध्यक्षांना न देता दुसऱ्या कुणाच्या मेव्हण्याला दिली. अध्यक्ष तिसऱ्या दिवशी कात्रीवाल्यांच्या गाडीतून उतरले. मिशी एव्हाना पुन्हा वाढली होती. ते कट्ट्यावर उभे राहिले आणि तेच म्हणाले, "आपली गल्ली फुटत नाही." गल्लीने माना डोलावल्या. नळाला पाणी येत नव्हतं, हे अचानक सगळ्यांना आठवलं.

मग त्यांना मास्तर आठवले. अध्यक्ष स्वतः दुकानात आले, पाच वर्षांनी जाकिटाचं कापड घेऊन. "मास्तर, तुम्ही तेव्हाच ओळखलंत. आम्हालाच उशिरा अक्कल आली." सभेत त्यांना हाताला धरून पुढे नेलं आणि सांगितलं, "हे आपल्या गल्लीतले पहिले कात्रीवाले."

"अहो, मी तेव्हा छत्रीलाच दिलं होतं," मास्तर कळवळून म्हणाले.

सगळे हसले. "अजून घाबरतायत बघा," किराणावाला म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगताना मास्तरांना जितका राग आला नव्हता, तितका त्याच गुन्ह्याबद्दल टाळ्या पडल्यावर आला. गिऱ्हाइकं परतली, कट्ट्यावर जागा मिळाली, लोक पाठीवर थाप मारू लागले. प्रत्येक थापेबरोबर मास्तर आतून उकळत होते. मतदानाच्या दिवशी ते शाळेतल्या त्या खोलीत गेले. कात्रीचं चित्र तसंच चुकीचं होतं, दोन्ही कडी सारखी. मास्तरांनी छत्रीचं बटण दाबलं. छत्रीवर त्यांचं प्रेम उतू जात होतं अशातला भाग नाही. पण मी एक सांगतो आणि जग दुसरं म्हणतं, तर निदान या खोक्याला तरी खरं काय ते कळू दे, असं त्यांना वाटलं.

निकाल लागला. गल्लीची सगळी मतं कात्रीला, छत्रीला एक.

मास्तर मान खाली घालून निघाले. आता पुन्हा सुरू होणार. पण कट्ट्यावरून जाताना बोलणं थांबलं नाही, उलट त्यांना हाक मारून जागा दिली गेली. कुणाचंही डोकं त्यांच्याकडे वळलं नव्हतं. कसं वळणार? ते पहिले कात्रीवाले. किराणावाला पाय हलवत होता. "मी नाव घेत नाही," तो म्हणाला, "पण ज्याचं पोटच छत्रीवर चालतं, त्याचं बोट कुठे जाणार?"

मास्तरांना आधी हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मग लाज वाटली. ती लाज रोज समोर बसलेली असायची, जिन्याखाली. लोक मोडक्या छत्र्या घेऊन काकांसमोरून बाजाराकडे जाऊ लागले. काकांना बघून बोलणं हवापाण्यावर येऊ लागलं. एक दिवस अध्यक्षांनी वरून सांगितलं, "काका, जिना रंगवायचा आहे. महिन्याअखेर सामान हलवा." जिना कधीच रंगवला जाणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. काका "बरं" म्हणाले आणि काडी सरळ करत राहिले. ती जागा गेली तर या वयात त्यांना दुसरी कोण देणार होतं?

त्या दुपारी काकांचा चहा आला नाही. मास्तरच दोन पेले घेऊन पलीकडे गेले. जिन्याखाली वाकून बसले. काय बोलायचं ते जुळवून आले होते, पण तोंडातून निघालं ते एवढंच : "काका, मला माहीत आहे, तुम्ही नाही दिलं."

काकांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं.

"म्हणजे तुम्ही दिलंत," ते म्हणाले.

मास्तर दचकले. त्यांनी तसं काही म्हटलं नव्हतं. "कशावरून?"

"माहीत आहे म्हणालात म्हणून. नुसता विश्वास असता तर 'तुम्ही नसाल दिलं' म्हणाला असतात. माहीत त्यालाच असतं, ज्याने..." आणि काका बोलता बोलता थांबले. थांबायला उशीर झाला होता.

मास्तरांना पाच वर्षांपूर्वीचा पेला आठवला. हेच शब्द. अगदी हेच.

"काका," ते म्हणाले, "तेव्हाचं ते कात्रीचं मत?"

काकांनी हातातली काडी खाली ठेवली. "दिवसभर छत्र्याच बघतो मी, मास्तर. काड्या, दांडे, कापड. त्या दिवशी त्या खोलीत गेलो, तर तिथेही छत्री. बोट पुढे जाईना. म्हटलं, माझ्या एका मताने काय होतंय? त्यांनी मिशी पणाला लावली होती, ते मला कुठे माहीत? मी सभेला गेलो नव्हतो."

"आणि मग माझं नाव निघालं."

"निघालं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. जिना अध्यक्षांचा आहे ना." त्यांनी खाली ठेवलेली काडी पुन्हा उचलली. "तुमच्यासमोर येऊन बसायचो रोज. तेवढंच जमलं."

मास्तर उठले. डोकं जिन्याला आपटलं, तेही त्यांना कळलं नाही. घरी येऊन मशीनवर बसले आणि सुईत दोरा ओवता येईना. पाच वर्षं. ज्या एका माणसाच्या विश्वासावर दिवस काढले, तो विश्वास नव्हताच, ती माहिती होती. भोगू दे आता, असं त्यांना वाटलं. अगदी मनापासून वाटलं. आपण काही करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं, आणि गप्प बसण्यात तर आपला हातखंडा.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष जाकीट अंगावर घालून बघायला आले. आरशासमोर हात पसरून उभे राहिले. मास्तर टाचण्या तोंडात धरून पाठीची शिवण बेतत होते.

"बरं का मास्तर," अध्यक्ष आरशाशी बोलल्यासारखे बोलले, "समोरच्या म्हाताऱ्याला घालवतोय. घरभेदी जवळ ठेवू नये. त्याचंच काम ते, हो ना?"

तोंडात टाचण्या होत्या. "हं" म्हटलं की काम होणार होतं. मास्तरांनी आरशात बघितलं. आरशात अध्यक्षांच्या खांद्यावरून उघडं दार दिसत होतं आणि दारातून जिना. काका सामान बांधत होते. मोडक्या काड्यांचा जुडगा त्यांनी खिळ्यावरून काढून मांडीवर घेतला होता आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं.

मास्तरांनी एकेक टाचणी तोंडातून काढून उशीवर खोचली.

"ते मत माझं होतं," ते म्हणाले.

"कुठलं?"

"या वेळचं छत्रीचं. मी दिलं."

अध्यक्ष टाचलेलं जाकीट न विस्कटता जेवढं वळता येईल तेवढं वळले, आणि मिशीसकट हसू लागले. "काय मास्तर. शेजारधर्म म्हणतात तो हा. तुम्ही तर पहिले कात्रीवाले."

"नव्हतो. तेव्हाही मी छत्रीलाच दिलं होतं. दोन्ही वेळा छत्रीला."

"बरं, बरं," अध्यक्ष म्हणाले. तेच "बरं", पाच वर्षांपूर्वी इस्त्रीशी ऐकलेलं.

आवाज बाहेर गेला असावा. छत्रीकाका मांडीवरचा जुडगा तसाच हातात घेऊन दारात आले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते अध्यक्षांच्या समोर ताठ उभे राहिले. "मास्तर खरं सांगतात," ते म्हणाले. "मागच्या वेळचं कात्रीचं मत माझं होतं. तुमची मिशी मी घालवली."

अध्यक्षांचा हात आपोआप ओठावर गेला. त्यांनी एकदा काकांकडे बघितलं, एकदा मास्तरांकडे. हसू हळूहळू उतरलं आणि डोळे बारीक झाले. "छत्रीवाल्याने कात्रीला दिलं आणि कात्रीवाल्याने छत्रीला," ते म्हणाले. "मला काय खुळा समजता? दोघं मिळून कुणाला पाठीशी घालताय?"

खरं सांगून झालं होतं, त्यापलीकडे दोघांजवळ काही नव्हतं. अध्यक्षांची नजर दुकानभर फिरली, आतल्या दारावर जरा थांबली. मग त्यांनी जाकीट टाचण्यांसकट उतरवलं, टेबलावर टाकलं आणि "जिन्याचं मग बघू" असं पुटपुटत बाहेर पडले. कट्ट्याच्या दिशेने जाताना ते घरोघरच्या दारांकडे बघत चालले होते. काका थोडा वेळ घुटमळले, मग परत गेले आणि जुडगा पुन्हा खिळ्याला अडकवला.

आतल्या दारात बायको उभी होती. हातात कुणाचा तरी शर्ट आणि सुई. तिने सगळं ऐकलं होतं. मास्तर कापडावरून खडूची रेघ पुसत राहिले, कारण वर बघायची त्यांना भीती वाटत होती.

"पाच वर्षं," ती म्हणाली. "तुम्ही खरं बोलत होतात आणि मी म्हटलं बरं." तिने सुई शर्टात खोचून ठेवली. "चुकलं माझं. तुमच्यावर नाही ठेवायचा विश्वास, तर कुणावर?"

एवढंच तर मास्तरांना हवं होतं. अध्यक्षांनी मानलं नाही, गल्ली मानणार नाही, पण या एका "चुकलं"साठी त्यांनी आणखी पाच वर्षं काढली असती. ते काही बोलणार तोच ती पुढे आली, टेबलावरचं जाकीट सरळ केलं, आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आणि मी कुणाला देते, ते नाही कधी विचारलंत."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. दोन्ही फुटलेल्या मतांचा हिशेब लागला होता, तरी तिचं माहेर आठवलं. मग त्यांनी टाचण्यांची उशी जवळ ओढली, दोन टाचण्या उपसून ओठांत धरल्या आणि म्हणाले, "हं."